तळव्यांचं तेल

कौशल्याबाईने काशाची वाटी तेलात बुडवली आणि रुख्मीचा तळवा पुन्हा घासायला घेतला. चार वर्षांची पोर गुदगुल्यांनी खिदळत होती. तळवे घासले की डोळ्यांना बरं पडतं, हे कौशल्याबाईने आईकडून ऐकलेलं. तेलाच्या उग्र वासाने तिने नाक मुरडलं, पण हात थांबवला नाही.

मोतीराम ओट्यावरून पाहत होता. दिवेलागणीला पोर भिंतींवर आदळू लागली, तेव्हा त्याने खामगावहून ही बाटली आणली. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज एक चमचा पोटात द्या. माशाच्या काळजाचं तेल! नवराबायको दोघं माळकरी, घरात कधी कुणी मासा शिवलेला नाही. बायकोला त्याने एवढंच सांगितलं, "डोळ्याईचं तेल हाये." ती ते तळव्यांना चोळणार, हे त्याला ठाऊक होतं. तेल ते तेल, कातड्यातून मुरलं तरी डोळ्यांपर्यंत पोहोचेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

महिनाभरात बुबुळं पांढुरकी झाली. मग दोघांनी पोरीला गाडीत घालून खामगाव गाठलं.

डॉक्टरांनी पापण्या उघडून बराच वेळ पाहिलं.

"तेल रोज पाजलंत?"

"पाजलं?" कौशल्याबाई गोंधळली. "म्या तं रोज तळव्यात जिरवलं, साहेब. एक दिस चुकली नाही."

डॉक्टरांनी मोतीरामकडे पाहिलं. त्याचा हात माळेवर गेला.

"मासा नको होता, तर मला सांगायचं. घरी दुभतं नाही का?"

"म्हैस हाये," तो पुटपुटला. "लोणी बाजारात जाते. पोरीले ताक देतो."

"अहो, डोळ्यांना लागतं ते लोण्यातच असतं. ते पाण्यात उतरत नाही, म्हणून ताकात येत नाही. रोज लोण्याचा गोळा दिला असता तरी..." डॉक्टर थांबले. "आता नजर परत यायची नाही."

परतीच्या वाटेवर कौशल्याबाई एकदाच बोलली.

"मले सांगतलं काऊन नाही? म्या माळ काढून ठेवली असती, अन् पाजलं असतं."

मोतीरामला बैल हाकायचंही भान राहिलं नाही.

घरी बाजारात न्यायचं लोणी पाण्यात ठेवलेलं होतं. हातही न धुता त्याने मोठा गोळा काढला आणि पोरीच्या तोंडाशी धरला. ओठांना गार लागल्यावर तिने तोंड उघडलं. त्याची बोटंसुद्धा चाटूनपुसून साफ केली.

मग रुख्मीने सवयीने दोन्ही पाय लांब केले आणि वाटी लागायच्या आधीच हसायला लागली.