रक्त कमी आहे

एकाहत्तर साली श्यामकांतची, माझ्या धाकट्या भावाची, बँकेनं कलकत्त्याला बदली केली. घरात तो, त्याची लीना आणि विधवा मोठी बहीण म्हणजे मी. लीनाला दिवस गेले तेव्हा सातव्याची वाट न बघता मी पाचव्यातच हौसेनं डोहाळजेवण उरकलं, हिरवा चुडा भरवला. चार दिवसांनी तिच्या मनगटांवर काळेनिळे डाग. मी आमच्या बेहाला भागातल्या बाजारात जाऊन बांगडीवालीला चारचौघांत झापलं. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा म्हटलं, गरोदरपणी येतंच, मिठाच्या गुळण्या कर. ताप चढला तेव्हा कुठे दवाखाना आठवला. सगळं ठाऊक असलेल्या बायकांचं हे असं असतं.

डॉक्टरांनी श्यामकांतला आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, रक्ताचा कॅन्सर, झपाट्यानं वाढणारा. औषधानं बाळाला धोका. न दिलं तर दोघंही जातील. दिलं तर कदाचित काही महिने मिळतील, बाळाला पुरतील इतके.

असल्या रोगाचं नाव आमच्याकडे रोग्यापुढे घेत नाहीत. श्यामकांतनं तिला सांगितलं, रक्त कमी आहे.

लीनानं गोळ्या बाजूला सारल्या. "मग बीट खाईन, पालक खाईन. असली कडक औषधं बाळाला कशाला?"

दोन दिवस ती हटली नाही. तिसऱ्या दिवशी मी श्यामकांतला मोसंबी आणायला पिटाळलं आणि तिच्या खाटेवर बसले.

"लीना, रक्त कमी नाही, बिघडलंय. कॅन्सर आहे."

ती उठून बसली. "ह्यांना माहीत आहे?"

"हो."

"तरीच परवापासून इतकं गोड बोलताहेत. मला वाटलं, मुलगा हवाय."

मी हसले, आणि हसताहसताच रडू फुटलं.

"रडू नका, वन्सं. गोळ्या घेतल्या तर किती दिवस?"

"बाळ होईपर्यंत. बहुतेक."

"आणि पुढे?"

मी पेल्यात पाणी ओतलं. तिनं हात पुढे केला.

"द्या. पण मला कळलंय हे ह्यांना सांगू नका. माझ्यापासून लपवायचंय, म्हणून तर उभे आहेत बिचारे."

श्यामकांत आला, रिकामा पेला बघून उजळला. "ऐकलंस ना शेवटी माझं!"

"तुमचं नाही ऐकणार तर कुणाचं?" लीना म्हणाली.

मुलगी आठव्या महिन्यात झाली, मूठभर, पण जगली. लीनाला तिच्याबरोबर एकवीस दिवस मिळाले. शेवटच्या दिवशीही श्यामकांत म्हणत होता, उद्या बरं वाटेल. आणि ती मान डोलवत होती.

मी त्याला अजून सांगितलेलं नाही.