कपाटामागचा कोपरा

सासूबाई शाळेत कवायत शिकवायच्या. त्यांनी "सावधान" म्हटलं की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा ताठ होत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि हा सगळा दरारा एका पलंगावर येऊन पडला. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. आता चालायला लागा, असं डॉक्टर सांगून थकले. सासूबाई मात्र वॉकरकडे ढुंकूनही बघेनात.

"दिवसभर हे पांढरं छत बघायचं. डोकं उठतं," एवढंच म्हणत.

सून शिवणकाम करायची. तिने मनाशी काही ठरवलं की ती फार बोलत नसे. दुसऱ्या दिवशी ती रंगाचे डबे आणि भाड्याची शिडी घेऊन आली.

"हे काय नसतं खूळ?" नवऱ्याने विचारलं.

"छत रंगवतेय. शिडी धरणार असाल तर थांबा, नाहीतर वाट मोकळी करा."

तो मुकाट्याने शिडी धरून उभा राहिला.

पंख्याच्या दांडीला दोरा बांधून, दुसऱ्या टोकाला कापडावर खुणा करायचा खडू लावून तिने छतावर मोठं वर्तुळ आखलं. त्यावर पानाफुलांची वेल काढली. मान अवघडली, रंगाचे ओघळ कोपरापर्यंत आले, पण वेल झकास उतरली.

सासूबाईंनी एक नजर टाकली. "वाकडं आहे."

सुनेच्या डोक्यात सणक गेली. ती तशीच रंगाच्या हातांनी त्यांच्या शेजारी जाऊन आडवी झाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या पलंगावर ती कधी टेकलीसुद्धा नव्हती. तिने वर पाहिलं. पंखा खोलीच्या मध्यावर नव्हताच. शिडीवरून ते जाणवत नव्हतं, पण इथून सगळी वेल एका अंगाला घसरल्यासारखी दिसत होती.

"वाकडंच आहे," ती म्हणाली.

"मग? मी काय उगाच बोलते? आणि डोक्यावर वेल कशाला गं? वर बघितलं की आभाळ दिसावं."

सुनेने सगळ्या वेलीवर पांढरा हात मारला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "आई, तू तरी तिला आवर."

"तू शिडी धर," सासूबाई म्हणाल्या.

मग आभाळ सुरू झालं. कडेला गडद निळा रंग, आत येताना फिकट होत जाणारा. स्पंजने टिपून ढग उठवले. दर थोड्या वेळाने सून खाली उतरून सासूबाईंशेजारी पडे आणि दोघी वर बघत वाद घालत. "तो ढग उशीसारखा झालाय." "आई, ढग उशीसारखेच असतात." "माझ्या उशीसारखा नको, तिच्यात गुठळ्या आहेत."

शेवटी कपाटामागचा कोपरा उरला. पलंगावरून तो दिसत नसे. सून तिथे शिडी लावून बराच वेळ खुडबुड करत राहिली.

"तिथे काय काढलंस?"

"उठून बघा."

"सांग की."

"नाही सांगणार. उठून बघा."

सासूबाई रुसल्या. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसल्या. सुनेचा जीव तुटत होता, पण ती बधली नाही. तिने वॉकर पलंगाला टेकवून ठेवला आणि शिवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच खोलीत शिवत असताना मागे वॉकरचा खडखडाट झाला. सुनेने मशीन थांबवलं नाही. मान वळवली तर त्या परत बसतील, अशी धास्ती तिला होती. मधेच एक कण्हणं ऐकू आलं, तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि तीच शिवण पुन्हा मारली. सासूबाई कपाटापाशी पोचल्या. धापा टाकत त्यांनी मान वर केली.

कोपरा कोरा होता.

"फसवलंस मला," त्या म्हणाल्या.

"हो," सून उठून त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. "आता सांगा, इथे काय काढू?"

सुनेने खुर्ची पुढे केली. सासूबाईंनी ती नको म्हटली.

"घार," बराच विचार करून त्या म्हणाल्या. "चांगली मोठी. पंख पसरलेली. आण रंग. मी उभी आहे तोवर खडूने आखून तरी घे."

सून शिडी ओढायला धावली.