एका घावाचं नाणं

अष्टमी गावातल्या जुन्या टांकसाळीची एक रीत होती. बघायला येणाऱ्या प्रत्येक शाळेनं आपल्या हातानं तांब्याचं एक नाणं पाडायचं, आणि ते शाळेच्या नावानं काचेच्या कपाटात ठेवायचं. एका शाळेचं एकच. गडब गावची शाळा आली, तेव्हा नववीतल्या मनस्वीचे हात बसमध्येच शिवशिवायला लागले होते.

टांकसाळ दाखवणाऱ्या कमळाकरकाकांनी खालच्या ठशावर तांब्याची कोरी चकती ठेवली, वरचा ठसा सांडशीत धरला नि म्हणाले, "चला, एक दणकट मुलगा पुढं येऊ दे."

"मी येते," मनस्वी म्हणाली.

"नको गो बाय. घण सटकला तर माझी बोटं जातील."

"मनस्वी, गप्प," वर्गशिक्षिका वैशालीबाई पुटपुटल्या.

पुढं गेला तो वर्गातला हर्षद. दात-ओठ खाऊन त्यानं घाव घातला, आणि हौस फिटेना म्हणून आणखी दोन घातले. चकती हलली, अक्षरांवर अक्षरं चढली, मधल्या सूर्याचे दोन सूर्य झाले.

"चालतंय," म्हणत काकांनी नाणं कपाटात ठेवलं.

"नाय चालत!" मनस्वीचा आवाज छताला लागला. "आमच्या शाळेच्या नावानं असलं बोबडं नाणं? मला द्या घण."

"बोटं माझी हायत, पोरी!"

"मग हर्षदच्या टायमाला कोणाची होती?"

मुली फिस्सकन हसल्या. काकांनाही हसू आवरेना. त्यांनी नवी चकती ठेवली. सांडशी मात्र जरा लांबून धरली.

मनस्वीनं ओढणी कमरेला खोचली. घरी दरसाल भाताचं खळं चोपायचं काम तिचं. लाकडी चोपणं सपाटच पडायला हवं. कड लागली की मातीत वण उठतो आणि आई सगळं पुन्हा चोपायला लावते. जोर नको, घाव सरळ हवा. तिनं श्वास धरला नि घण घातला. एकच. खण्ण!

सूर्य लख्ख उठला होता.

"हाय की गो हातात!" काका म्हणाले. "चल, दोन्ही ठेवू."

"एका शाळेचं एकच. तुम्हीच सांगितलंत." मनस्वीनं कपाटातलं नाणं काढून हर्षदच्या तळहातावर ठेवलं. "घे, घरी दाखव. दोन सूर्य कोणाकडं असतात?" आणि कपाटात त्या जागी आपलं ठेवलं.

"काका, आता मी!" रोहिणी, दिशा, सगळ्याच पुढं घुसल्या.

"अगो, चकत्या संपतील माझ्या!"

वैशालीबाईंनी घड्याळ बघितलं. मग पर्स हर्षदकडं दिली, पदर खोचला.

"व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. "आधी मी."