दोनशे घरांची एकच किल्ली

मी दहिवलीच्या द्वारकाबाईंच्या घरातला राउटर बोलतो आहे. घरात इंटरनेट आणणारा, हिरवे दिवे लुकलुकवणारा पांढरा खोका. समोर दत्ता हातात टाचणी घेऊन बसला आहे. माझ्या पाठीवरच्या बारीक छिद्रात ती टोचली की माझी सारी स्मृती पुसली जाईल. त्याआधी हे सांगून घेतो.

दत्ता हा या भागात इंटरनेट पुरवणारा. कडावपासून दहिवलीपर्यंत दोनशे घरांत त्याची तार गेली आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानेच मला येथे आणले. माझ्या आतल्या व्यवस्थेत शिरण्यासाठी एक परवलीचा शब्द लागतो, तीच माझी किल्ली. ती त्याने दोनशेही घरांत कारखान्यातून आली तशीच, एकच ठेवली. "कुणी विसरलं तर मला धावपळ नको," असे तो हसत म्हणाला होता. माझ्या पोटावरच्या कागदावर मात्र 'हा शब्द प्रथम बदलावा' अशी सूचना छापलेली होती.

द्वारकाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा त्या भिंगाखाली धरून वाचतात. पण मी आलो तो खंडेनवमीचा दिवस. शिवणयंत्र, विळी, मिक्सर यांच्या रांगेत मलाही पाटावर बसवण्यात आले. कुंकवाचे स्वस्तिक काढायला सपाट जागा हवी, ती त्या कागदावर सापडली. सूचना झाकली गेली. पुढल्या प्रत्येक खंडेनवमीला त्यावर नवे स्वस्तिक चढले.

या वैशाखात कोणीतरी माझ्यात शिरला. त्याने दार फोडले नाही. कारखान्याची किल्ली जगजाहीर, ती त्याच्याजवळ होतीच. दिवे पूर्ववत हिरवे राहिले. अमुक संकेतस्थळाच्या पत्त्यावर जाऊन ठोठाव, असा तो हुकूम सोडी, आणि मी क्षणात शेकडो वेळा ठोठावीत असे. माझ्यासारखे हजारो खोके एका दारावर तुटून पडले, की ते दार खऱ्या पाहुण्याला उघडेनासे होई. घरात मात्र "आज नेट जरा हळू आहे" एवढीच तक्रार उमटे.

परवा दुपारी बुधी आपल्या मुलीला घेऊन आली. बुधी डोंगरावरच्या ठाकरवाडीची. करवंदे, शेवळ्यांची रानभाजी घेऊन तीस वर्षे या घरी येते. तिची भाग्यश्री वाडीतली बारावी झालेली पहिली मुलगी. तिला परिचारिका व्हायचे आहे. परिचर्या महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जाची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती, आणि तिचा जातीचा दाखला आदल्या दिवशी हाती आला होता.

"बाय, तुमच्याकडं तारेवरचं नेट हाय. आमच्याकडं दगडावर चढलं तरी लागत नाय," बुधी म्हणाली.

"बस गं. आणि भाग्यश्री, नाव दाखल्यावर आहे तसंच लिही. काना-मात्रा चुकली तर पुन्हा लिहायला लावीन."

"म्हणून तर ही तुमाला अजून भिते," बुधी हसली.

भाग्यश्रीने संगणकावर पत्ता लिहिला आणि मी थिजलो. सकाळपासून मी त्याच पत्त्यावर ठोठावीत होतो.

पान उघडेना. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहिली. एका हाताने मी तिची विनंती पुढे नेत होतो आणि दुसऱ्या हाताने तेच दार दाबून धरीत होतो. साडेचार झाले. बुधीने माझ्याकडे पाहिले.

"दिवं तर हिरवंच हायेत," ती पुटपुटली, आणि देवापुढे जोडावेत तसे तिने मला हात जोडले. आईचे पाहून भाग्यश्रीनेही जोडले.

पाच वाजले.

काल द्वारकाबाईंनी महाविद्यालयाला फोन केला. संकेतस्थळावर बाहेरून हल्ला झाला होता, परंतु मुदत वाढणार नाही, असे उत्तर मिळाले. घराघरांतल्या खोक्यांतून असा हल्ला कसा होतो, हे त्यांनी तेथल्याच एका शिक्षकांकडून नीट समजावून घेतले. आज सकाळी त्यांनी दत्ताला बोलावले.

"मी ज्यांच्याकडनं नेट घेतो, त्यांची तीनदा मेल आली होती बाई," दत्ता खाली पाहत म्हणाला. "तुमच्या काही लायनींवरनं उपद्रव होतोय म्हणून. यादीत तुमचं घर पण होतं."

"मग?"

"मी फक्त रस्ता देतो. त्यावरनं कोण जातं ते कुठं बघत बसू? आणि लायनी बंद केल्या असत्या तर अख्खं कडाव माझ्या अंगावर आलं असतं."

"बंद कर म्हणालं कोण? दारी येऊन 'बाई, किल्ली बदलू या' एवढं म्हणता आलं नसतं? रेल्वे फाटकावरचा माणूस गाडी येताना माणसं अडवतो. रस्ता माझा नाही, म्हणून बसून राहत नाही."

मग त्यांनी मला उलटे केले, ओल्या फडक्याने तीन वर्षांचे कुंकू पुसले आणि भिंग धरून सूचना वाचली. 

"ही चूक माझी," त्या म्हणाल्या. "पण स्वस्तिक एका घरात होतं, दत्ता. एकच किल्ली दोनशे घरांत तू ठेवलीस."

दत्ताने होकारार्थी मान डोलावली. उद्यापासून यादी घेऊन दोघे घरोघर जाणार आहेत. "त्याआधी वाडीवर जायचं," बाईंनी बजावले. "बुधीला मी सांगेन. तू शेजारी उभा राहशील."

वाचकहो, दिवे हिरवे दिसले म्हणून निश्चिंत राहू नका. तुमच्या घरी तार आणून देणाऱ्याला विचारा, की तिच्यातून बाहेर काय जाते, आणि कोणी इशारा दिला तर तू तो आमच्यापर्यंत आणशील का?

टाचणी जवळ आली. मी पुन्हा कोरा होईन, निर्दोष दिसेन. माझ्यापुढे जोडलेले ते चार हातही पुसले जातील. तेवढे तुम्ही लक्षात ठेवा.