सहावा बार

दामिनीने पहिलं बोट दुमडलं. पायाखालची जमीन हादरली, संत्र्याच्या झाडांवरून पाखरं उडाली. दुसरं बोट. तिसरं.

शेंदूरजनाघाटच्या या मळ्यात नवी विहीर खोदणं चालू होतं आणि तिचा नवरा गजेंद्र तळाच्या खडकात सुरुंगाचे बार उडवत होता. वीस वर्षांचं काम. वाती पेटवण्याआधी भरलेल्या भोकांचा आकडा तो ओरडून सांगायचा, मग उडालेले बार मोजायचा. पेटवणाऱ्यानेच मोजायचं, बाकीच्यांनी तोंड मिटायचं. दोघांनी दोन आकडे सांगितले की घोळ होतो. आजचा आकडा सहा होता.

पाचवं बोट दुमडून ती थांबली. बराच वेळ थांबली.

गजेंद्र कपडे झटकत उठला.

"झाले सहा. उतरा."

डोकं आपटावंच लागतं असं नाही, अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाराचा धक्का हवेतून येतो आणि कवटीच्या आत मेंदूला हिसका देतो. रक्त नाही, फोटोतही दिसत नाही. असे हजारो हिसके यांनी खाल्लेत, आता पुरे. गजेंद्र नुसता हसला होता. मग चहात मीठ पडू लागलं, लेकीच्या नावाला तो अडखळू लागला, एकदा भरलं ताट भिंतीवर गेलं. दामिनीने सगळं घरातच दाबलं. कळलं तर काम कोण देणार? जळो मेलं ते काम!

खोदणाऱ्यांपैकी बुधाजी विहिरीत उतरायला यारीच्या पाळण्यात बसला. तिने धावत जाऊन दोर धरला.

"उतरू नका भाऊ. पाचच झाले. एक बार खाली जिताच हाये."

"वयनी, दादाचा आकडा कधी चुकला काय?"

"त्याहिच्या डोक्याले मार हाये. डॉक्टरनं सांगतलं. मीच लपवलं."

गजेंद्रने हात उगारला. तो हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला.

"मले आकडा धरताच येत नाई," तो मातीकडे बघत म्हणाला. "तिसऱ्या-चौथ्यातच हरवते. जितले भरतो, तितले झाले मनतो."

बुधाजी पाळण्यातून बाहेर आला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

बुधाजीने नाल्याकडे पाहिलं.

"दादा, नाल्यापलीकडच्या विहिरीत काल तुमीच बार उडवले. तिथं सकाळपासून चार माणसं खाली खोदून राहिले."

दामिनीने दोर सोडला आणि नाल्याच्या दिशेने धावत सुटली.