राजा एमारच्या माफीची घंटा

मी व्हालब्रूं गावच्या चर्चवरची घंटा बोलतेय. राजा एमार जन्मला, गादीवर बसला, लढला, मेला, त्या प्रत्येक वेळी मी वाजले. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि मी गोड बोलणार नाही.

मला चर्चपुढच्या खड्ड्यातच ओतलं. तांबं कमी पडलं तेव्हा बायकांनी घरची भांडी आणून दिली. घंटावाल्या कोलारची आई दुधाची कढई घेऊन आली आणि ओतारी नको नको म्हणत असताना तिनं ती भट्टीत लोटली. पाद्र्यानं पाणी शिंपडून माझं बारसं केलं, गिय्मेत असं नाव ठेवलं. गावकरी मात्र मला नुसतं ‘बाई’ म्हणायचे. बाई वाजली, चला.

एमार जन्मला त्या दिवशी कोलारच्या तळहातांना फोड येईपर्यंत मी वाजले. बाप लवकर गेला आणि हा मिसरूड फुटायच्या आधीच राजा झाला. आमच्या ओकच्या रानात तो शिकारीला यायचा. एकदा बुरुजावर चढला आणि माझा दोर ओढायला लागला. मी हलले नाही. कोलारनं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले.

"जोर नका लावू, महाराज. झोका द्या."

मी वाजले. पोर खळखळून हसलं. कोलारनं ती गोष्ट पुढं इतक्यांदा सांगितली की त्याची बायको एर्सां वैतागायची. "राजाचे हात धरलेले हात हे. यांनी लाकडं फोडायची म्हणजे पापच," ती टोमणा मारायची.

राजा मोठा झाला, लढायांवर गेला. जिंकला की मी वाजायचे. हरला तरी वरून हुकूम यायचा, जिंकल्यासारखं वाजवा. तसंही वाजले.

मग त्याला ते रान फक्त आपल्या हरणांसाठी हवं झालं. आमची माणसं थंडीच्या तोंडावर डुकरं त्या रानात सोडायची. ओकची फळं खाऊन डुकरं लठ्ठ व्हायची आणि त्यांच्या खारवलेल्या मांसावर घरं हिवाळा काढायची. राजानं रानाला कुंपण घातलं. पहिल्याच हिवाळ्यात गावातली म्हातारी माणसं गेली, कोलारची आईही गेली. पुढच्या वर्षी गावच्या एका डुकरं राखणाऱ्याची डुकरं कुंपणाखालून आत शिरली, तर राजाच्या शिपायांनी त्याचा हात तोडला.

त्या दिवशी कोलारनं मला आग लागल्यासारखं वाजवलं. गाव बाहेर पडलं. कुंपण उपटलं, शिपायांना हाकलून दिलं आणि वेशीचे दरवाजे लावून घेतले.

राजा फौज घेऊन आला. तटाबाहेरून त्यानं निरोप धाडला. सणाची घंटा वाजवा, हत्यारं घरी ठेवून चौकात या, माफी दिली आहे.

"वाजवू नकोस," एर्सां म्हणाली.

"त्यानं शब्द दिलाय."

"शब्द त्याचा आहे. मान तुझी आहे."

"अगं, मी त्याला एवढासा असल्यापासून ओळखतो."

"तू ओळखतोस. तो तुला ओळखतो का?"

कोलारनं दोर धरला. मी वाजले, माझ्या सगळ्यांत गोड आवाजात. माणसं धुतलेले सदरे घालून, लेकरं कडेवर घेऊन चौकात आली. वेस उघडली. शिपायांनी चौक घेरला आणि माणसं बाजूला काढायला सुरुवात केली. पहिलं नाव कोलारचं निघालं.

एर्सां राजाच्या घोड्यापुढं उभी राहिली. "महाराज, तुम्ही माफी दिली होती."

"गावाला दिली," राजा म्हणाला. "गाव जाळलं का मी?"

"यानं तुम्हाला घंटा वाजवायला शिकवलं."

राजानं कोलारकडं नीट पाहिलं. "आठवतंय ना. म्हणून तर बंडाच्या दिवशी दोर कुणी ओढला ते विचारावं लागलं नाही."

राजाबरोबर आलेल्या बिशपनं गुडघे टेकले, गयावया केली, तेव्हा राजानं धरलेल्यांतले निम्मे सोडले. बाकीच्यांना माझ्या समोर, बाजाराच्या तुळईला लटकवलं. कोलार बाकीच्यांत होता. सुटलेल्या निम्म्यांवरून दरबारी मंडळींनी राजाला ‘दयाळू एमार’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. ते कानावर पडलं की अजून माझी कड थरथरते.

शिक्षा मलाही झाली. माझा लोलक उपटून काढला. जीभच ती माझी. बैलगाडीवर घालून मला राजवाड्यावर नेलं आणि शिकारी कुत्र्यांच्या आवारात उलटी रोवली. माझ्यात पाणी भरत, कुत्री लपलप पीत. कुत्र्यांवर माझा राग नाही.

म्हातारपणी राजा तिथं रोज यायचा. एकदा एका कुत्रीच्या पायात काटा मोडला. हा माणूस चिखलात फतकल मारून बसला. आपल्या हातानं काटा काढला, अंगरख्याची पट्टी फाडून बांधली. "दुखतंय का गं," असं तिला विचारत होता. त्याला काळीज नसतंच तर मला सोपं गेलं असतं. होतं. कुणासाठी वापरायचं ते त्यानं ठरवलं होतं.

तो मेला. शव आमच्या गावावरून न्यायचं होतं, म्हणून नव्या राजानं मला परत पाठवलं, नवा लोलक बसवला. रस्त्यावर ही गर्दी. नवा घंटावाला बॉदे दोर ओढत होता, नवा पाद्री ‘आपल्या दयाळू राजासाठी’ प्रार्थना म्हणत होता, आणि मी वाजत होते. शिव्या देता आल्या असत्या तर दिल्या असत्या. घंटेला नाही म्हणता येत नाही.

शव पुलापलीकडं गेलं आणि एर्सां जिना चढून वर आली. पाठीत वाकलेली, धापा टाकत.

"थांबू नकोस," ती बॉदेला म्हणाली. "अजून एक मयत आहे."

"कोण गेलं, आजी?"

"माझा नवरा. त्याला पुरला तेव्हा गावात घंटा नव्हती."

बॉदे घुटमळला. "कोतवाल वर येईल."

"येऊ दे. जिना अरुंद आहे आणि मी दारात बसणार आहे."

ती खरंच बसली. तिनं कोलारचं नाव घेतलं, बॉदेनं दोर ओढला, मी वाजले. मग दुसऱ्याचं नाव, मग तिसऱ्याचं. खाली पांगायला लागलेली माणसं थांबली. काहींनी टोप्या काढल्या. एक म्हातारा, त्या दिवशी सुटलेल्यांतला, चौकातच खाली बसून रडायला लागला. कोतवाल जिन्यात ओरडत होता.

"होतच आलंय, साहेब," एर्सां मागं न बघता म्हणाली. "एवढी माणसं तुम्ही मारायच्या आधी मोजली असतीत, तर आता ताटकळावं लागलं नसतं."

आता एर्सां नाही, बॉदेही नाही. माझ्या अंगाला चीर गेली आहे, आवाज फाटतो, आणि मला वितळवून नवी घंटा ओतायचं गावात चाललं आहे. वितळवा. माझी तक्रार नाही. फक्त त्या नव्या घंटेचा दोर ज्याच्या हाती द्याल, त्याला सांगून ठेवा: कुणी वाजव म्हटलं की आधी विचार, कशासाठी. आम्हाला विचारता येत नाही. त्याला येतं.