टायटॅनियमची तिसरी रिंग

फरिदाबादच्या त्या छोट्या कारखान्यात उत्तराताई डबा घेऊन आल्या, तेव्हा दोन रिंगा भंगारात पडल्या होत्या आणि त्यांचे यजमान शशिकांतराव लेथवर तिसरी चढवत होते. टायटॅनियमचा तो शेवटचा तुकडा. रिंगेची भिंत जेमतेम मिलिमीटरभर ठेवायची, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाचा माणूस तपासायला येणार. आधीच्या दोन्हींवर आतून लहरी उठल्या होत्या. धातूच खराब आलाय, असं कारखान्याचा मालक साकेत म्हणत होता आणि शशिकांतरावांनी ते मुकाट मान्य केलं होतं. निवृत्तीनंतरही त्यांना इथे बोलवायचे ते अशाच कामांसाठी.

डब्याकडे न बघता त्यांनी रिंग पकडणाऱ्या चकाचे जबडे सैल केले, धातूला जरा बसू दिलं आणि रिंग पुन्हा हलक्या हाताने धरली. घट्ट आवळली की जबड्यात गोल दिसते आणि सोडली की तीनकोनी होते. उत्तराताईंना हे पाठ होतं. दिल्लीत आर. के. पुरमला राहत असताना दर शनिवारी करोल बागेत खरेदीला जायचं म्हणून त्या नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये ताटकळत बसायच्या. लेथ नीट कापतोय की थरथरून ओरडतोय आणि धातूवर लहरी उठवतोय, हे त्यांना न शिकवता कळायला लागलं होतं.

लेथ सुरू झाला आणि बारीक, तीक्ष्ण किंकाळी उठली. उत्तराताईंचे दात आंबले. शशिकांतराव शांतपणे वाकून बघत होते. दिवाळीपासून घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं त्यांनी सोडलं होतं. उत्तराताईंना वाटलं होतं, त्यांचं लक्ष नसतं.

पलीकडे साकेत फोनवर होता. त्याच्यादेखत हाक मारणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी जवळ जाऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात दाबला आणि कानाशी तोंड नेलं.

"अहो, ओरडतोय."

ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वेग कमी केला.

"अजून?"

"अजून."

आणखी कमी केल्यावर किंकाळी थांबली. शेवटचा हात बाकी होता, तो त्याच वेगाने फिरवला. रिंग सोडून, निववून मापली. गोल, आतून गुळगुळीत.

साकेत धावत आला. "काका, मानलं यार. म्हणजे हा तुकडा तरी चांगला निघाला."

हो म्हणून सुटता आलं असतं. शशिकांतरावांनी हात पुसले.

"तिन्ही चांगलेच होते. मला आता ऐकू येत नाही, साकेत. ते दोन माझ्यामुळे गेले."

साकेत चाचरत म्हणाला, सोमवारी अशाच बारा रिंगा आहेत, काका, त्यांचं काय करायचं?

"हिला विचार," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

उत्तराताईंना मेट्रो डोळ्यांपुढे आली, स्टेशनचे जिने, उजवा गुडघा. या वयात नको वाटत होतं सगळंच.

"किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.